जुना मोबाईल संगणकाशी का बोलत नाही?

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर अकरावीची एक विद्यार्थिनी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आली. तिच्या हातात बटणांचा एक जुना मोबाईल होता. तो तिच्या आजोबांचा, २००८ साली घेतलेला. आजोबा आता हयात नाहीत. पण त्या फोनमध्ये त्यांच्या आवाजातील नऊ ध्वनिमुद्रणे होती. गावातली कोणती विहीर कोणी खणली, किती हातांवर पाणी लागले, कोणत्या दुष्काळात ती आटली, हे सारे आजोबांनी नातवंडांना सांगितले होते आणि तिच्या वडिलांनी ते फोनवर मुद्रित करून ठेवले होते.

फोनला मेमरी कार्डाची खाच नव्हती. ब्लूटूथ नव्हते. स्पीकर खराब झाल्यामुळे मुद्रण लावले की नुसती घरघर ऐकू येई. बॅटरी जेमतेम तासभर टिके. म्हणजे फाईल बाहेर काढायचा एकच रस्ता उरला होता : यूएसबी केबल लावून ती संगणकावर घेणे.

"सर, फोन चार्ज होतो, पण संगणकाला दिसतच नाही. दुकानदार म्हणाले, फोन गेला, आता टाकून द्या."

विद्यार्थी मित्रांनो, 'चार्ज होतो, पण दिसत नाही' हे वाक्य नीट लक्षात ठेवा. त्यात दोषाचा अर्धा शोध लागलेला आहे. फोन आणि संगणक यांची जोडणी ही एकच एक घटना नसते. ती चार पायऱ्यांनी होते : वीज पोचणे, चाहूल लागणे, ओळख पटणे आणि भाषा जुळणे. गाडे कोणत्या पायरीवर अडले आहे हे कळले, तर फोन टाकून देण्याची वेळ सहसा येत नाही. या पायऱ्या आपण क्रमाने पाहू.

पहिली पायरी : वीज

१९९० च्या सुमारास संगणकाच्या मागच्या बाजूला निरनिराळ्या आकारांची खोबणी असत. कळफलकाचे वेगळे, मुद्रकाचे वेगळे, मोडेमचे वेगळे. एकाची पिन दुसऱ्यात बसत नसे. हा घोळ मिटवण्यासाठी १९९४ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी व नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या. इंटेलमधील या कामात अजय भट्ट या अभियंत्याचा पुढाकार होता. त्यांचे शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले आणि एप्रिल २००० मध्ये त्याची दुसरी, अधिक वेगवान आवृत्ती आली. आपल्या घरातल्या बहुतेक जुन्या मोबाईलची यूएसबी या दोन पिढ्यांतली आहे.

या केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेवर ५ व्होल्ट विभव असते आणि काळी तार ही शून्य विभवाची, म्हणजे परतीची तार असते. या दोन तारांनी वीज जाते. उरलेल्या दोन, हिरवी व पांढरी, या माहिती नेणाऱ्या तारा होत. हिरवीला डी+ आणि पांढरीला डी− म्हणतात.

माहितीसाठी एक तार पुरली नसती काय? पुरली असती; पण भोवताली पंखा, ट्यूबलाईट, मोबाईल अशी अनेक उपकरणे असतात. त्यांच्यामुळे तारेत नको असलेले विभव निर्माण होते. समजा, डी+ वर ३ व्होल्ट आणि डी− वर ० व्होल्ट आहे, आणि बाहेरच्या गडबडीमुळे दोन्ही तारांत ०.४ व्होल्टची भर पडली. आता विभव ३.४ आणि ०.४ व्होल्ट झाले. पण त्यांतील फरक ३ व्होल्टच राहिला. माहिती घेणारे मंडल एकेका तारेचे विभव न पाहता दोहोंतील फरक पाहते, म्हणून गडबड आपोआप वजा होते. दोन्ही तारांना सारखीच बाधा व्हावी यासाठी त्या एकमेकींना पीळ घालून ठेवलेल्या असतात.

आता आपल्या फोनकडे वळू. फोन चार्ज होत होता, म्हणजे लाल आणि काळी तार ठीक होती. परंतु त्यावरून हिरव्या-पांढऱ्या तारांविषयी काहीच सिद्ध होत नाही. बाजारात अनेक स्वस्त केबली फक्त चार्जिंगसाठी असतात. त्यांत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून त्या ओळखू येत नाहीत.

म्हणून पहिली चाचणी केबलचीच घ्यावी. फोन तोच, संगणक तोच, फक्त केबल बदलावी. आणि नवी केबल 'चांगली दिसणारी' नको, तर जिच्यातून माहिती जाताना आपण स्वतः पाहिली आहे अशी हवी. प्रयोगशाळेतल्या कॅमेऱ्याची केबल याच आकाराची होती आणि तिच्यातून आम्ही नेहमी छायाचित्रे उतरवत होतो. ती लावताच संगणकाने 'टिंग' असा आवाज दिला. घरून आणलेली केबल आम्ही नंतर कापून पाहिली. तिच्यात दोनच तारा निघाल्या.

दुसरी पायरी : चाहूल

केबल लावताच संगणकाला ते कळते कसे? येथे तुमच्या दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम कामाला येतो.

संगणकाच्या आत डी+ आणि डी− या प्रत्येक तारेपासून शून्य विभवाकडे १५ किलोओहमचा एकेक रोध जोडलेला असतो. काहीही लावलेले नसते तेव्हा या रोधांमुळे दोन्ही तारांचे विभव शून्यावर राहते. फोनच्या आत डी+ ही तार १.५ किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टला जोडलेली असते. केबल लावली की हे दोन रोध एकसरीत येतात.

एकूण रोध = १.५ + १५ = १६.५ किलोओहम
विद्युतधारा = ३.३ व्होल्ट ÷ १६,५०० ओहम = ०.०००२ अँपिअर
१५ किलोओहमच्या रोधावरील विभवांतर = ०.०००२ × १५,००० = ३ व्होल्ट

म्हणजे डी+ चे विभव शून्यावरून एकदम ३ व्होल्टवर जाते. विभव २ व्होल्टच्या वर असले म्हणजे 'आहे' आणि ०.८ व्होल्टच्या खाली असले म्हणजे 'नाही', असा नियम ठरलेला आहे. ३ व्होल्ट दिसताच संगणक समजतो की कोणीतरी आले. साध्या माउससारख्या सावकाश चालणाऱ्या उपकरणात हाच रोध डी+ ऐवजी डी− ला जोडलेला असतो. त्यामुळे कोणती तार वर गेली यावरून आलेला पाहुणा जलद आहे की सावकाश, हेही त्याच क्षणी कळते. दीड किलोओहमचा साधा रोध एवढे काम करतो!

फोनच्या खोबणीत धूळ किंवा गंज बसला असेल, तर संपर्काच्या जागी जास्तीचा रोध येतो आणि डी+ चे विभव पुरेसे वर जात नाही. 'केबल हलवली की दिसतो, सोडली की जातो' या तक्रारीचे मूळ बहुधा येथे असते. अशा वेळी फोन बंद करून, कोरड्या मऊ ब्रशने खोबण हळुवार साफ करावी.

तिसरी पायरी : ओळख

चाहूल लागल्यावर संगणक दोन्ही माहितीच्या तारा निदान १० मिलिसेकंद शून्यावर धरतो. 'पाटी पुसा, पहिल्यापासून सुरुवात करू' असा त्याचा अर्थ आहे. मग प्रश्नोत्तरे सुरू होतात. या व्यवस्थेत संगणक यजमान असतो. तो विचारतो आणि फोन उत्तर देतो. विचारल्याशिवाय फोनने बोलायचे नाही, असा दंडक आहे. एकाच यजमानाशी अनेक उपकरणे जोडलेली असू शकतात. सगळी एकदम बोलू लागली तर गोंधळ होईल.

नव्या पाहुण्याचा पत्ता सुरुवातीला ० असतो. यजमान त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो. १२७ च का? कारण पत्त्यासाठी ७ बिट ठेवलेले आहेत. ७ बिटांनी २ चा सातवा घात, म्हणजे १२८ संख्या लिहिता येतात. त्यांतला ० हा नवागतांसाठी राखीव आहे.

यानंतर यजमान ओळखपत्र मागतो. हे ओळखपत्र अवघ्या १८ बाइटांचे असते. त्यातल्या दोन संख्या आपल्या कामाच्या आहेत. पहिली संख्या कंपनीची आणि दुसरी त्या उपकरणाची. दोन्ही १६ बिटांच्या असतात व षोडशमान पद्धतीने, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशी सोळा चिन्हे वापरून, चार अक्षरांत लिहितात. उदाहरणार्थ, नोकियाचा कंपनी-क्रमांक ०४२१ आहे. दशमान पद्धतीत तो ४ × २५६ + २ × १६ + १ = १०५७ होतो.

विंडोज संगणकावर हे क्रमांक पाहता येतात. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा, उपकरणाच्या नावावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' घ्यावे, 'डिटेल्स' या पानावर 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. 'व्हीआयडी' पुढे कंपनीचा आणि 'पीआयडी' पुढे उपकरणाचा क्रमांक असतो. लिनक्सवर 'एलएस-यूएसबी' ही छोटी आज्ञा दिली की सर्व जोडलेल्या उपकरणांचे क्रमांक ओळीने दिसतात.

आमच्या फोनच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह होते आणि खाली 'कोड २८' असे लिहिले होते. विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. मी तिला म्हटले, "अगं, ही तर चांगली बातमी आहे. त्याने आपले दोन्ही क्रमांक सांगितले. ज्याला स्वतःचे नाव सांगता येते तो फोन मेलेला नाही." कोड २८ याचा अर्थ एवढाच, की या उपकरणासाठी ड्रायव्हर बसवलेला नाही.

चौथी पायरी : भाषा

ड्रायव्हर म्हणजे काय? तो दुभाषा होय. गावात परप्रांतातून पाहुणा आला, त्याने आपले नाव-गाव सांगितले. पण पुढचे बोलणे समजत नसेल, तर दोन्ही भाषा जाणणारा माणूस लागतो. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम 'फाईल दे' असे म्हणते. त्यासाठी नेमके कोणते बाइट कोणत्या क्रमाने पाठवायचे, हे त्या-त्या उपकरणाचा ड्रायव्हर जाणतो. त्याच्यासोबत मजकुराची एक छोटी फाईल असते. ज्या उपकरणांशी त्याला बोलता येते, त्यांचे क्रमांक तीत लिहिलेले असतात. ओळखपत्रावरचे क्रमांक या यादीत सापडले की संगणक त्या ड्रायव्हरला कामाला लावतो.

मग माउस किंवा पेनड्राइव्ह लावताना ड्रायव्हर का शोधावा लागत नाही? कारण यूएसबी मानकात उपकरणांचे वर्ग पाडलेले आहेत. कळफलक व माउस यांचा वर्ग ३, मुद्रकांचा ७, साठवणीच्या उपकरणांचा ८. ज्या वर्गाची भाषा मानकातच ठरलेली आहे, तिचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीपासून असतो. तो कोणत्याही कंपनीच्या पेनड्राइव्हशी बोलू शकतो.

परंतु २५५ क्रमांकाचा, षोडशमानात एफएफ असा लिहिला जाणारा, एक वर्ग आहे. त्याचा अर्थ 'आमची भाषा आमच्यापुरती' असा होतो. जुन्या मोबाईलना फाईलींखेरीज फोन-नंबर, संदेश, दिनदर्शिका, मोडेम अशी अनेक कामे संगणकाबरोबर करावयाची असत. त्यासाठी कंपन्यांनी आपापल्या खासगी भाषा तयार केल्या आणि ड्रायव्हरची तबकडी फोनच्या खोक्यात दिली.

काही फोनना तर यूएसबी ठाऊकच नव्हती. त्यांच्या केबलीत एक चिप बसवलेली असे. ती यूएसबीची माहिती जुन्या अनुक्रमी पद्धतीत बदलून फोनला देई. नोकियाची सीए-४२ ही केबल अशीच होती. अशा वेळी संगणकाला दिसतो तो फोन नव्हे, तर केबलीतली चिप. आणि ड्रायव्हर लागतो तोही आधी त्या चिपचा. पुष्कळ जण येथेच फसतात आणि फोनचे नाव घालून ड्रायव्हर शोधत बसतात.

म्हणजे १९९६ च्या मानकाने खोबणीचा प्रश्न सोडवला, भाषेचा पुरता सोडवला नाही. अँड्रॉइड फोन २०११ पासून फाईली देण्यासाठी 'एमटीपी' ही प्रमाणित भाषा वापरू लागले आणि ही अडचण खूपच कमी झाली. तोवरचे फोन मात्र आपापल्या दुभाष्यांवर अवलंबून राहिले.

दुभाषा निरुपयोगी का होतो?

विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी फोनचे मूळ खोके आणले. आजीने ते पावतीसकट जपून ठेवले होते. आत ड्रायव्हरची तबकडी होती. ती आम्ही नव्या संगणकात घातली, तर तो ड्रायव्हर बसवून घेईना.

याचे कारण समजून घ्या. ड्रायव्हर हा सामान्य प्रोग्रॅम नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात बसून काम करतो. ती तबकडी ३२-बिट विंडोज एक्सपीसाठी केलेली होती. ३२ बिटांत स्मृतीतल्या जागांचे २ चा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात. हेच ते ४ गिगाबाइट. आजच्या ६४-बिट सिस्टीमच्या गाभ्यात पत्त्यांची लांबीच दुप्पट आहे. ३२-बिटचा साधा प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर वेगळी सोय करून चालवता येतो; परंतु गाभ्यात बसणाऱ्या ड्रायव्हरसाठी तशी सोय नाही. शिवाय ६४-बिट विंडोज, व्हिस्टापासून, ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल सही मागते. गाभ्यात शिरलेला खोटा ड्रायव्हर सारा संगणक ताब्यात घेऊ शकतो, म्हणून ही खबरदारी आहे.

जुन्या फोनसाठी ६४-बिट ड्रायव्हर करून देण्यात कंपनीला लाभ नसतो. ती तसा करत नाही. फोन धडधाकट, केबल धडधाकट, संगणक नवा कोरा. आणि तरीही मधला दुभाषा नाही म्हणून आजोबांचा आवाज अडकून पडतो.

आमच्या प्रयोगशाळेत एका जुन्या मापन-उपकरणासाठी विंडोज एक्सपीचा एक संगणक ठेवलेला आहे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, म्हणून तो आम्ही कधीही इंटरनेटला जोडत नाही. त्या काळच्या माहितीपुस्तिकेत लिहिले होते : आधी तबकडीवरील प्रोग्रॅम बसवा, मगच फोन जोडा. आम्ही तो क्रम पाळला. या वेळी फोन जोडल्यावर पिवळे चिन्ह आले नाही. दोन मिनिटांत नऊ फाईलींची यादी पडद्यावर आली.

ती मुद्रणे एकूण ४२ मिनिटांची होती. फाईली 'एएमआर' या, मोबाईलवरील बोलण्यासाठी केलेल्या पद्धतीच्या होत्या. तिच्या सर्वांत चांगल्या प्रतीत सेकंदाला १,६०० बाइट लागतात. म्हणजे ४२ × ६० × १,६०० = ४०,३२,००० बाइट, सुमारे ४ मेगाबाइट. आज एका छायाचित्राला तेवढी जागा लागते! या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचे स्वर येत नाहीत. आवाज टेलिफोनवरच्यासारखा वाटतो. पण बोलणे स्पष्ट कळते.

फाईली उतरवल्यावर फोनवरच्या व संगणकावरच्या फाईलींचे बाइट आम्ही जुळवून पाहिले. मग दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवल्या आणि नंतरच पहिली फाईल लावली. आधी खोकल्याचा आवाज आला. मग आजोबा म्हणाले, "चालू झालं का रे?" आणि विहिरींची हकिगत सुरू झाली. विद्यार्थिनीने वही काढली आणि विहिरींची नावे उतरवून घेऊ लागली.

दोष कोठे आहे, कसे ओळखावे?

वरील पायऱ्यांवरून शोधाची एक रीत तयार होते.

१. चार्जही होत नाही, आवाजही नाही : वीजच पोचत नाही. केबल, खोबण आणि बॅटरी तपासावी.

२. चार्ज होतो, पण संगणक गप्प : माहितीच्या तारा जुळलेल्या नाहीत. खात्रीची केबल लावून पाहावी, खोबण साफ करावी.

३. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि कोड ४३ : चाहूल लागली, पण ओळखपत्र नीट वाचता आले नाही. आखूड केबल घ्यावी. मधला हब काढून संगणकाच्या मागच्या खोबणीत थेट जोडावे.

४. पिवळे चिन्ह आणि कोड २८ : ओळख पटली, दुभाषा नाही. क्रमांक लिहून घेऊन ड्रायव्हर शोधावा. कोड ५२ असेल तर ड्रायव्हर आहे, पण त्याची सही पटलेली नाही.

५. चिन्ह नाही, तरी फाईली दिसत नाहीत : फोनमधील निवड पाहावी. अनेक फोन केबल लावल्यावर 'फक्त चार्जिंग', 'साठवण', 'पीसी सूट' असे पर्याय देतात. निवडीनुसार तोच फोन यजमानाला निराळे ओळखपत्र दाखवतो. 'साठवण' निवडता आले तर तो पेनड्राइव्हप्रमाणे ८ व्या वर्गात जातो आणि खास ड्रायव्हर लागतच नाही. म्हणून ड्रायव्हर शोधण्यापूर्वी हा पर्याय पाहावा. अँड्रॉइड फोनचा पडदा कुलूपबंद असेल, तर तो आधी उघडावा.

काही खबरदारी

बॅटरी फुगलेली असल्यास फोन चार्ज करू नये. जाणत्या माणसाला दाखवावा. 'सर्व फोनसाठी एकच ड्रायव्हर' अशा जाहिरातींना भुलू नये. क्रमांक जुळल्याशिवाय आणि स्रोत विश्वासाचा असल्याशिवाय काहीही बसवू नये. 'फॅक्टरी रिसेट' हा उपाय कोणी सुचवला तर मुळीच करू नये; त्याने फोन सुधारेल की नाही ते ठाऊक नाही, पण आतले सारे पुसले जाईल. प्रत नीट उतरल्याची खात्री होईपर्यंत मूळ फाईल पुसू नये. आणि जुन्या फोनबरोबर त्याची केबल व तबकडीही जपावी. आज ती अडगळ वाटते. पण आमचे काम अखेर आजीने जपलेल्या खोक्यानेच झाले.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाट पाहू नये. फोन नादुरुस्त होण्याआधीच त्याचा दुभाषा नाहीसा होतो. तुमच्या घरात कपाटात असा एखादा फोन पडला असेल, तर येत्या रविवारीच तो बाहेर काढा.

करून पाहा

१. माउस, पेनड्राइव्ह व मोबाईल यांचे व्हीआयडी आणि पीआयडी क्रमांक वहीत लिहा. कंपनी एक पण उपकरणे दोन असतील, तर कोणता क्रमांक सारखा येतो?

२. टाकून दिलेली केबल घ्या. ती कोठेही जोडलेली नाही याची खात्री करून, शिक्षकांच्या देखरेखीखाली कापा. आत किती तारा आहेत?

३. गंजामुळे डी+ च्या संपर्काच्या जागी १० किलोओहम रोध वाढला, तर संगणकाला किती विभव दिसेल? फोन दिसण्याची खात्री देता येईल काय?

४. ०४ई८ हा सॅमसंगचा कंपनी-क्रमांक आहे. तो दशमान पद्धतीत लिहा. (ई = १४)

५. जुन्या अनुक्रमी पद्धतीत सेकंदाला १,१५,२०० बिट जातात व प्रत्येक बाइटला १० बिट लागतात. सेकंदाला १ कोटी २० लाख बिटांच्या यूएसबीवर दर मिलिसेकंदाला ६४ बाइटांची जास्तीत जास्त १९ पुडकी पाठवता येतात. ६,००,००० बाइटांचे छायाचित्र उतरवायला दोन्ही पद्धतींनी किमान किती वेळ लागेल?

उत्तरे : (१) व्हीआयडी. (३) ३.३ × १५ ÷ २६.५ = सुमारे १.८७ व्होल्ट, हे २ व्होल्टहून कमी असल्याने खात्री देता येणार नाही. (४) १२५६. (५) सुमारे ५२ सेकंद आणि सुमारे अर्धा सेकंद.